मुलांना कळतं
आईला नैराश्य आलं तरी 'लहान मुलांना काय कळतंय, मोठी झाली की विसरतात,' असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. आमच्या पुण्यातल्या सहकारनगरात शेजारच्या ताईंना दुसऱ्या बाळंतपणानंतर नैराश्य आलं. थोरला तेव्हा सात वर्षांचा. शाळेत मारामाऱ्या करायचा, घरी मात्र इतका शहाणा की आईचं ताटही तोच झाकून ठेवायचा. आम्ही सगळे कौतुक करायचो. (मीही केलं, त्याचं आज फार वाईट वाटतं.) ते पोर आईचा चेहरा वाचत दिवस काढत होतं.

पण म्हणून आईला दोष देऊ नका. अमेरिकेत २००६ साली १५१ आई-मूल जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. औषधोपचारानंतर तीन महिन्यांत ज्यांचं नैराश्य गेलं, त्यांच्या मुलांमधल्या मानसिक विकारांचं प्रमाण ११ टक्क्यांनी घटलं. ज्यांचं गेलं नाही, त्यांच्या मुलांत ते ८ टक्क्यांनी वाढलं. तेव्हा मुलाला समुपदेशकाकडे नेताना आईलाही विचारा, 'तुला कसं वाटतंय?' पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. घराबाहेर पडवत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.