मदत हवी आहे: लिंबूवर्गीय आणि लाकडी वासाचा, खिशाला परवडणारा पुरुषांचा परफ्यूम

मंडळी, रोज ऑफिसात लावायला परफ्यूम शोधतोय. सुरुवातीला संत्रं किंवा ग्रेपफ्रूटचा तजेला आणि मग कोरडं लाकूड, एवढीच अपेक्षा आहे. गोड अजिबात नको. व्हॅनिला नाहीतर कॅरॅमल नाकात गेलं की माझं डोकं धरतं.

मनात बसलाय तो तेर द'एर्मेस (२००६). एक सहकारी लावतो. शेजारून गेला की आधी संत्र्याची साल, मग मिरी आणि मागून वाळा. पण किंमत पाहिली आणि बाटली मुकाट्याने जागेवर ठेवली.

स्वस्तातले काही फवारून पाहिले. एकातलं लिंबू फरशी पुसायच्या फिनेलसारखं होतं. दुसऱ्यात लिंबू बघता बघता गायब झालं आणि मागे घशात खवखवणारा, टोकदार 'लाकडी' वास राहिला, तो शर्ट धुतला तरी जाईना.

आता यादीत तीन आहेत: माँब्लाँ एक्सप्लोरर, आर्माफचा क्लब दे न्वी इंटेन्स मॅन आणि गेर्लँ व्हेटिव्हर (व्हेटिव्हर म्हणजे वाळा). बंद एसी खोलीत शेजारच्याला त्रास होणार नाही असा यातला कोणता? आणि लिंबू टिकवायचा काही उपाय?

प्रतिसाद १
क्लब दे न्वी. डोळे झाकून घ्या. सुरुवातीचं आंबट लिंबू तेवढं सोसा, नंतर धुरकट बर्चचं लाकूड मस्त खुलतं.

प्रतिसाद २
डोळे झाकून काहीच घेऊ नका. क्लब दे न्वीचं लिंबू खरंच कर्कश आहे आणि बंद खोलीत तो धूर अंगावर येतो. मोकळ्या हवेत, थंडीत उत्तम.

लिंबू टिकत नाही यात बाटलीचा दोष कमी. लिंबू-संत्र्याच्या तेलात मुख्य घटक लिमोनीन, त्याचा रेणू हलका, तो भराभर उडतो. महागड्या परफ्यूमातही तेच होतं. मग कसबी परफ्यूमर काय करतो, तर लिंबू उडालं तरी त्याचा भास चालू राहील असं काही खाली ठेवतो. ग्रेपफ्रूट आणि वाळ्याची जोडी त्यासाठीच इतकी वापरतात. ग्रेपफ्रूटमधला नूटकॅटोन हा सुगंधी घटक जड असतो, सावकाश उडतो. शिवाय वाळ्यातच एक कडवट, सालीसारखी छटा असते, त्यामुळे एक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते कळत नाही. तेर द'एर्मेसमध्ये तुम्हाला आवडलंय ते हेच.

तेव्हा घटकांत नुसतं 'लेमन, वुडी नोट्स' लिहिलेलं असेल तर सावध. ग्रेपफ्रूट, व्हेटिव्हर, सीडर अशी नावं असतील तर निदान वास घेऊन बघा. सीडर म्हणजे पेन्सिल तासल्यावर येतो तो वास, तुमचं 'कोरडं लाकूड' बहुधा तेच. घशात खवखवणारं जे म्हणताय ती जोरकस कृत्रिम लाकडी-अंबरी रसायनं असणार. स्वस्तात टिकाऊपणा आणायला ती सढळ हाताने ओततात.

धागाकर्ता
सविस्तर उत्तराबद्दल आभार. मग ओ द तॉयलेतऐवजी ओ द पार्फम घेतला तर लिंबू जास्त वेळ राहील का?

प्रतिसाद २
नाही. तॉयलेतमध्ये सुगंधी अर्क साधारण ५ ते १५ टक्के आणि पार्फममध्ये १५ ते २० टक्के धरतात, पण पार्फम करताना बहुतेकदा खालची लाकडी, अंबरी बाजूच वाढवतात. ताजेपणा हवा तर तॉयलेत घ्या आणि छोट्या कुपीत भरून दुपारी पुन्हा एक फवारा मारा. कंटाळवाणा उपाय आहे, पण लागू पडतो.

प्रतिसाद ३
गेर्लँ व्हेटिव्हरला माझं मत. १९५९ पासूनचा आहे, त्यामुळे कुणीतरी 'आजोबांचा वास' म्हणणारच, म्हणू दे. लिंबूवर्गीय सुरुवात, मग वाळा, जायफळ, तंबाखू. गोडवा नावालाही नाही आणि अंगालगत राहतो. माँब्लाँ एक्सप्लोरर (२०१९) वाईट नाही. बर्गमॉट (एक लिंबूवर्गीय फळ), वाळा, पचौली (मातकट वासाची वनस्पती) आहे, पण तो जास्त गुळगुळीत आणि जरा गोडाकडे झुकतो. तुमचं डोकं धरेल.

धागाकर्ता
दुकानात कागदाच्या पट्टीवर एक्सप्लोररच जास्त आवडला होता, म्हणून गोंधळ होतोय.

प्रतिसाद ३
पट्टीवर निकाल देऊ नका. एका मनगटावर एक्सप्लोरर, दुसऱ्यावर गेर्लँ मारा आणि काही न घेता बाहेर पडा. तीन-चार तासांनी जे उरेल तेच दिवसभर तुमच्यासोबत असणार. मध्ये वास येईनासा झाला तर आणखी फवारू नका. नाक सरावतं, शेजारच्याला येतच असतो.

प्रतिसाद १
आणि टेस्टरची बाटली उन्हात किंवा दिव्याखाली ठेवलेली असेल तर त्यावरून मत बनवू नका. लिंबाचं तेल हवेने, उजेडाने खराब होतं, सुरुवातच उग्र लागते. क्लब दे न्वीला नावं ठेवणाऱ्यांनी तसलीच बाटली हुंगली असेल!

धागाकर्ता
ठीक, शनिवारी दोन मनगटं घेऊन जातो. गेर्लँची छोटी बाटली मिळत असेल तर आकार सांगून ठेवा.