मदत हवी आहे: वॉटर पंप घरीच बदलायचाय, उद्या सकाळच्या आत

शिवारकर_बार्शी (दुपारी ४:१०)
मंडळी, वॉटर पंप गेलाय. थेंब थेंब नाही, धारच लागलीय. नवा पंप पॅकिंगसकट आणून ठेवलाय. मिस्त्री शुक्रवारशिवाय यायला तयार नाही आणि इकडे मृग बरसून वापसा आलाय, गावात सगळ्यांच्या पेरण्या सुरू झाल्यात. बोल्ट हलायला तयार नाहीत, एकाचे कोपरे मारले गेलेत. कोणी घरी केलं असेल तर पटकन सांगा.

तात्या_निफाड (४:२२)
मोटर किती एचपीची? ओपनवेल की सबमर्सिबल? धार नक्की पंपातून आहे की डिलिव्हरीच्या जॉइंटमधून, ते आधी बघा. आमच्याकडे एकदा दोन दिवस मोटर वर काढून बसलो आणि निघाली पाइपाला चीर. आणि मेन स्विच पाडल्याशिवाय हात लावू नका, फ्यूजही काढून खिशात ठेवा. पावसाळ्यात विहिरीवर चुकीला माफी नाही.

शिवारकर_बार्शी (४:२५)
तात्या, विहिरीचा नाही हो, ट्रॅक्टरचा. बोल्टचं सांगा कोणीतरी.

पाना_१३ (४:४०)
दादा, ट्रॅक्टर कुठला, साल कुठलं, तास किती झालेत? पाणी नेमकं कुठून येतंय? वरच्या होजच्या क्लिपमधून, पंप आणि ब्लॉकच्या मधल्या पॅकिंगमधून, की शाफ्टच्या खाली जे बारीक भोक असतं तिथून? तिन्हीचा इलाज वेगळा. क्लिप सैल असेल तर पंप बदलून काहीच होणार नाही.

शिवारकर_बार्शी (४:५२)
महिंद्रा ५७५, २००९ चा. तासाचं मीटर बंद आहे. भोकातूनच येतंय. पंखा हातानं हलवला की खडखड वाजतो.

पाना_१३ (४:५८)
मग पंपच गेलाय. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. सील गेलं की पाणी बेरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं म्हणून. तुमचं बेरिंगही गेलंय, म्हणजे गळती आजची नाही. इतक्या वर्षांत एवढं व्हायचंच. असाच चालवला तर पंखा डगमगत रेडिएटरच्या जाळीत घुसतो, मी डोळ्यांनी पाहिलंय. आता चालू करू नका. सविस्तर लिहितो, थोडा वेळ द्या.

डिझेलधूर (५:०५)
पंप उघडताच आहात तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारी झडप, काढून फेकून द्या. आमच्या तीन ट्रॅक्टरांतून काढलाय, दहा वर्षं गरम होण्याचं नाव नाही.

रानवाट_लातूर (५:११)
कृपा करून असले सल्ले देऊ नका. थर्मोस्टॅट नसला की इंजिन तापायलाच वेळ लागतो, सकाळी धूर मारतं, डिझेल जास्त पितं. शिवाय ज्या इंजिनात बायपासची वाट असते तिथं थर्मोस्टॅट काढला की काही पाणी रेडिएटरकडे न जाता तिथल्या तिथंच फिरत राहतं आणि भर उन्हात उलट जास्त तापतं. शंका असेल तर पातेल्यात पाणी उकळून त्यात सोडा. उघडला तर चांगला आहे, नाही उघडला तर नवा घाला.

डिझेलधूर (५:१५)
पुस्तकातलं पुस्तकात. माझे तिन्ही आजही रानात आहेत.

रानवाट_लातूर (५:१८)
आणि डिझेल एकरी किती लागतं ते कधी मोजलंय?

कागलकर (५:२०)
भांडण नंतर करा. शिवारकर, एक सांगा, परवा-तेरवा ट्रॅक्टर तापला होता का? काटा लाल पट्ट्यात गेला होता?

शिवारकर_बार्शी (५:२६)
हो, सोमवारी रोटाव्हेटरला गेला होता. मी लगेच बंद केला.

कागलकर (५:३१)
हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल ताकासारखं पांढरट दिसलं तर हेड पॅकिंग गेलंय, पाणी ऑइलमध्ये उतरतंय, मग आज पंप बसवून पेरणीला जाऊच नका. ऑइल स्वच्छ असेल तर पुढं चला. पंप बसवून पाणी भरल्यावर इंजिन थंड असतानाच टोपी उघडी ठेवून चालू करा. सुरुवातीला हवेचे थोडे बुडबुडे येतील, पण ते थांबले नाहीत तरी लक्षण वाईट.

शिवारकर_बार्शी (५:३४)
बघितलं, ऑइल काळंच आहे. बोल्ट???

पाना_१३ (५:५०)
आता ऐका. चाळीस वर्षं हेच केलंय, घाई करू नका.

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय रेडिएटरची टोपी फिरवायची नाही. आत दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही, टोपी निघाली की तोंडावर येतं. किल्ली खिशात ठेवा. पाणी खालच्या कॉकमधून घमेल्यात काढा. रेडिएटर आणि पंख्याच्या मधे जाड पुठ्ठा सरकवा, पाना सटकला तरी जाळी वाचते. अल्टरनेटर सैल करून बेल्ट काढा, मग पंखा, मग होज.

बोल्टसाठी: डिझेलमध्ये थोडं ऑइल मिसळून मुळाशी सोडा, डब्ल्यूडी फोर्टीचा गंज सोडवायचा स्प्रे असेल तर उत्तम. तासभर थांबा. मग बोल्टच्या डोक्यावर सरळ हातोडीचे चार-पाच टोले, हलके. फिक्स पाना वापरू नका, सहा कोनी गोटी (सॉकेट) लावा. आधी किंचित आवळायच्या दिशेनं दाबा. कट्ट असा आवाज आला की समजा गंज सुटला, मग उलटा फिरवा. कोपरे गेलेल्या बोल्टवर एक नंबर लहान गोटी ठोकून बसवा.

बोल्टांची लांबी सारखी असेलच असं नाही. खोक्याच्या पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढा आणि ज्या जागेचा बोल्ट त्या जागी टोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर ब्लॉक फुटू शकतो.

नवा पंप बसवायच्या आधी जुन्याशेजारी ठेवा. पंखा बसतो त्या हबची उंची दोन्हीत सारखी हवी, नाहीतर बेल्ट तिरका चालतो. जुनं पॅकिंग खरवडताना ब्लॉकच्या भोकात फडकं कोंबा. छिन्नी लावू नका, हॅक्सॉचं जुनं पातं पुरतं. पॅकिंगला दोन्ही बाजूंनी बॉन्डचा (गळती रोखायच्या पेस्टचा) पातळ हात. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. बेल्ट अंगठ्यानं दाबल्यावर साधारण अर्धा इंच खाली जायला हवा.

डिझेलधूर (५:५८)
कागदी पॅकिंगला बॉन्ड लावायचा नाही, नुसतं ग्रीस. बॉन्डचे तुकडे आत जाऊन रेडिएटर चोंदतो.

पाना_१३ (६:०३)
भरपूर फासला तर जातो, म्हणूनच पातळ म्हटलं. ग्रीसनंही चालतं, पण ब्लॉकवर गंजाचे खड्डे असतील तर ग्रीस पाणी धरत नाही.

गोठा_संगमनेर (६:१५)
दादा, एक कळकळीची विनंती. रेडिएटरमध्ये कूलंट असेल तर ते घमेलं उघड्यावर ठेवू नका. चवीला गोड असतं आणि विषारी असतं. आमची मोती अशीच अंगणातलं पिऊन गेली, तीन दिवस नुसती तडफडली. वासरं, कुत्री काहीही तोंड घालतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, गोठ्याकडे ओघळ जाऊ देऊ नका.

शिवारकर_बार्शी (६:२०)
ताई, कूलंट नाही, बोअरचं पाणीच आहे. तरी घमेलं उचलून ठेवलं.

रानवाट_लातूर (६:२४)
बोअरचं पाणी? मग तिथंच तुमचं सील खाल्लं. आपल्या भागातलं पाणी जड, आत क्षार धरतं. या वेळी कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरा.

तात्या_निफाड (६:४०)
आमच्या बोअरलाही तसंच, इम्पेलरवर पांढरा थर बसतो. आणि विहिरीवर स्टार्टर असेल तर पावसाच्या आधी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालून घ्या, जमलंच तर मीठ-कोळसाही.

शिवारकर_बार्शी (रात्री ११:०५)
पाना दादा, कट्ट आवाज आला! चौथ्यासाठी लहान गोटी ठोकावी लागली, पण निघाला. पंप बसला, थेंबभरही गळत नाही. पण घरापासून रानापर्यंत रिकामा नेला तरी काटा नेहमीपेक्षा वर जातोय. लाल नाही, पण वर. रात्रीच्या गारव्यात ही गत, तर उद्या ऊन तापल्यावर पेरणी यंत्र लावून काय होईल? थर्मोस्टॅट उकळून बघितला, उघडतोय.

डिझेलधूर (११:०९)
म्हटलं होतं, काढून टाका.

कागलकर (११:१२)
आत हवा अडकली असेल. चढावर तोंड करून उभा करा आणि थंड झाल्यावर परत पाणी भरा. आणि जाळीत भुसा बसलाय का? इंजिनाच्या बाजूनं बाहेर हवा मारा, बाहेरून आत नाही.

शिवारकर_बार्शी (११:३०)
हवा काढली. जाळी साफ आहे. बेल्ट अर्धा इंच. काटा तसाच.

पाना_१३ (११:३४)
ट्रॅक्टर चालू करून पुढच्या जाळीवर वर्तमानपत्राचं पान धरा. चिकटतं का? आणि बंद केल्यावर पंख्याचा फोटो टाका, पुढून आणि मागून.

शिवारकर_बार्शी (११:४६)
पान चिकटतं, पण जरा रेस कमी केली की गळून पडतं. फोटो टाकलेत.

पाना_१३ (११:५१)
फोटो नीट बघा. बोल्टच्या वॉशरचे जुने चकचकीत गोल ठसे इंजिनाच्या बाजूला दिसतायत. ते रेडिएटरच्या बाजूला हवेत. पंखा उलटा बसलाय. उलटा बसला तरी हवा त्याच दिशेनं ओढतो, म्हणून पटकन कळत नाही, पण निम्माशिम्माच ओढतो. पात्याची खोलगट बाजू इंजिनाकडे, फुगीर बाजू रेडिएटरकडे.

शिवारकर_बार्शी (सकाळी ९:४०)
रात्रीच बॅटरीच्या उजेडात फिरवून बसवला. वर्तमानपत्र आता ओढून काढावं लागतं. सहा वाजता रानात घातला, सव्वा एकर सोयाबीन झालं, काटा मधल्या रेघेवर हललेला नाही. आत्ता डिस्टिल्ड पाणीच आहे, कूलंटला भाऊ बार्शीला गेलाय. पाना दादा, पुठ्ठ्यावरचा चौथा बोल्ट जपून ठेवलाय, तसलाच नवा आणायचाय. किती मिलीचा म्हणू दुकानात?

पाना_१३ (९:४४)
१३ चा पाना लागला असेल तर ८ मिलीचा. लांबीसाठी तोच बोल्ट सोबत न्या.