व्हॉल्टेअर म्हणे

तळटीप

पहाटवारा यांनी काल सकाळी इथे टाकलेलं ते पिवळं चित्र मला आतापर्यंत चार ठिकाणांहून आलं. विग, गालातल्या गालात हसू, कोपऱ्यात गुलाब आणि 'बुद्धिवादाचा महामेरू व्हॉल्टेअर याची सहा वचने, जपून ठेवा, पुढे पाठवा.' जपून ठेवलं. पुढे पाठवण्याआधी थोडं बोलतो. राग मानू नका. मानलात तरी चालेल.

वचन पहिलं: 'तुमचं म्हणणं मला मान्य नाही, पण ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राणपणाने लढेन.' हे व्हॉल्टेअरने, म्हणजे अठराव्या शतकातल्या या फ्रेंच लेखकाने, कुठेही लिहिलेलं नाही. एव्हलिन बीट्रिस हॉल नावाच्या इंग्रज बाईंनी १९०६ साली टोपणनावाने त्याच्या मित्रमंडळींवर पुस्तक लिहिलं. त्यांतल्या एल्व्हेशियस या तत्त्वज्ञाच्या ग्रंथाची १७५९ मध्ये जाहीर होळी झाली होती. तेव्हा व्हॉल्टेअरची भूमिका काय होती हे सांगताना बाईंनी हे वाक्य स्वतःच्या शब्दांत लिहिलं आणि वर अवतरणचिन्हं दिली. लोकांनी चिन्हं उचलली, बाईंना तिथेच सोडलं. त्याच जागी बाई हेही सांगतात की होळीची बातमी ऐकून तो म्हणाला होता, 'एका आम्लेटावरून केवढा हा गोंधळ!' ते मात्र कुणी गुलाबाशेजारी छापत नाही.

चौथं: 'तुमच्यावर राज्य कोण करतं हे ओळखायचं तर कुणावर टीका करायला बंदी आहे ते पाहा.' हे एका अमेरिकन नवनाझीच्या १९९३ सालच्या लिखाणातून आलंय. पाचवं, 'माणसाची पारख उत्तरांवरून नको, प्रश्नांवरून करा', हे लेव्हीच्या ड्यूकचं, १८०८. तोवर व्हॉल्टेअरला जाऊन तीस वर्षं झाली होती.

दुसरं खरं आहे, पण उलटं टांगलंय. 'देव नसता तर तो शोधून काढावा लागला असता.' खाली तुमची टीप: 'म्हणजेच देव ही माणसाची कल्पना!' अहो, ही ओळ १७६८ मधल्या पद्य-पत्रातली आहे आणि ते पत्र एका नास्तिक पुस्तकाच्या लेखकाला झापण्यासाठी लिहिलंय. देव हवाच, असं तो सांगतोय.

एवढं चिडायचं कारणही सांगतो. अकरावीत असताना जिल्हा पातळीवरच्या वक्तृत्व स्पर्धेत मी हेच पहिलं वाक्य मूठ आपटून म्हटलं होतं. फिरती ढाल मिळाली. परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी होतं. पुढे पंधरा वर्षांनी कळलं की ती टाळी हॉलबाईंची होती.

पहाटवारा

वा! म्हणजे तुम्ही बक्षीस घेतलंत तेव्हा चाललं, मी चित्र केलं तर गुन्हा. मी निवृत्त माणूस. साडेचारला उठतो, फुलझाडांना पाणी घालतो आणि रोज एका थोर माणसाचं चित्र करतो. तीन वर्षांत कुणी 'छान' म्हटलं नाही. चूक सापडली की मात्र सगळे भिंगं घेऊन हजर. विचार चांगला असेल तर तो कुणाचा याने काय फरक पडतो?

खवचट

फरक पडत नसेल तर नाव का लावता? खाली 'पहाटवारा' लिहा. बघू किती जण पुढे पाठवतात.

पण तळटीपराव, तुमचंही जरा अतीच होतंय. या व्हॉल्टेअरचं मूळ नाव अरुए. शंभरावर टोपणनावं वापरली पठ्ठ्याने. १७५९ ला 'कांदीद' ही कादंबरी आली तेव्हा वर छापलं होतं, 'डॉक्टर राल्फ यांच्या जर्मन पुस्तकाचं भाषांतर.' कुठले राल्फ आणि कुठलं जर्मन! 'तात्त्विक कोश' आला तेव्हाही हात वर. आपलं लिहिलेलं जन्मभर नाकारणाऱ्याला न लिहिलेलं चिकटलं, तर मी याला फिट्टंफाट म्हणेन. आपल्याकडे तरी काय, शेवटी 'तुका म्हणे' जोडलं की अभंग तयार, आणि पु.लं.नी गेल्यानंतर जेवढे विनोद केलेत तेवढे हयातीत केले नसतील.

तळटीप

टाळी घ्या. पण त्याने नाव का लपवलं? ऐन पंचविशीच्या आत पॅरिसमधल्या बास्तीच्या तुरुंगात अकरा महिने काढून झाले होते. १७६६ साली आबव्हीलमध्ये ला बार नावाच्या विशीतल्या पोराचं डोकं उडवलं. मिरवणूक जाताना टोपी काढली नाही, पाखंडी गाणी म्हटली, असले आरोप. त्याच्या घरी हाच 'तात्त्विक कोश' सापडला होता. तो प्रेताबरोबर जाळला. तिकडे म्हातारा मान वाचवायला नाव लपवत होता. इथे चित्र पळावं म्हणून त्याचं नाव लावतात. दोन्ही एका पंगतीला बसवू नका.

गल्लापेटी

तुमचं ते आम्लेट राहू द्या बाजूला. सहावं वचन कुणी बघितलं का? 'माझ्या वकिलाने, शिंप्याने, नोकरांनी आणि बायकोनेसुद्धा देव मानावा, म्हणजे माझी लूट आणि फसवणूक कमी होईल.' हे खरं त्याचंच आहे का? असलं तर मला त्याला दोन शब्द सुनवायचे आहेत.

आमचं किराणा दुकान, तीस वर्षं एकाच पेठेत. एक पोरगा होता. शटर वर गेलं की आधी गल्ल्याला हळदकुंकू, उदबत्ती ओवाळून ती वजनकाट्याच्या भोकात खोचायची, मग बोहनी. शनिवारी मारुतीला तेल, तेही स्वतःच्या पैशाने. मी आईला म्हणायचो, असला माणूस शोधून मिळणार नाही. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी शटर अर्धं वर. गल्ला रिकामा. साठ हजार. चोपडी तेवढी जागच्या जागी, वर त्याच्याच हाताने काढलेला 'श्री'. आणि उदबत्ती लावून गेला होता हो! राख अजून गरम होती.

शेवंती

दादा, वाईट झालं, पण एका पोरावरून सगळ्यांना नाही ना मोजता येत. आमच्या आईकडे पोळ्यांना मावशी यायच्या. आईची अंगठी कणकेत पडली, आईला पत्ताच नाही. मावशींनी दुसऱ्या दिवशी आणून दिली. त्यांच्या डब्यात नेलेल्या पोळीत निघाली होती. घरात नवरा आजारी, दोन पोरं शिकणारी. म्हणाल्या, 'अन्नपूर्णेच्या घरचं आहे, पचणार नाही.' आता मावशी देव मानत नसत्या तर?

खवचट

एक गल्ला, एक अंगठी. बरोबरी. सामना जादा वेळेत.

गल्लापेटी

हसा! तुमचे साठ हजार गेले असते म्हणजे कळलं असतं. इथं बसून फ्रेंच बोलायला काय जातंय.

तळटीप

गल्लापेटी, वाक्य त्याचंच, १७६८ च्या 'अ, ब, क' नावाच्या संवादातलं. पण पात्राच्या तोंडी आहे आणि चेष्टेत आहे. तरी या बाबतीत तो पात्रापासून फार लांब नव्हता. साध्या माणसाला वर कुणीतरी बघतंय ही भीती हवी, असं त्याला मनापासून वाटे. शहाण्यांना तर्क, नोकरांना देव. मला त्याचं हेच खुपतं. तुमच्या पोराने त्याला तिथल्या तिथे उत्तर दिलंय.

आणि देवाच्या बाबतीत गडी हिशोबी होता. फर्नेच्या जहागिरीत चर्च नवीन बांधलं, त्यावर १७६१ ची लॅटिन पाटी: 'देवासाठी व्हॉल्टेअरने बांधले.' तीन शब्द. त्यात स्वतःचं नाव देवाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. आपल्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचं नाव असतं ना, तसंच. पंखा फिरताना निदान ते वाचता तरी येत नाही.

गंगौघ

सगळी चर्चा वाचली. एकाही विद्वानाला हे आठवलं नाही की व्हॉल्टेअरने स्वच्छ लिहिलंय, 'खगोलशास्त्र, ज्योतिष, पुनर्जन्म, सगळं आमच्याकडे गंगेच्या काठावरून आलं.' हे सोयीस्करपणे विसरायचं. परदेशी माणसाने आपल्याला नावं ठेवली तर फ्रेम करून लावायची, कौतुक केलं की पुरावा मागायचा. मॅकॉलेची नातवंडं!

तळटीप

मागा पुरावा, देतो. पत्र डिसेंबर १७७५ चं, बाई नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला लिहिलेलं. (आडनाव आहे, हसू नका.) शंभर टक्के खरं. बघा, नाकारलं नाही.

आता पुढचं ऐका. गंगेकाठावर त्याचा एवढा जीव का? बायबलपेक्षा जुनं, शहाणं, एकेश्वरी असं काहीतरी त्याला हवं होतं. चर्चला बडवायला काठी. ती त्याला १७६० मध्ये मिळाली. भारतातून परतलेल्या एका फ्रेंच अधिकाऱ्याने 'एझूरवेदम' नावाच्या ग्रंथाचं फ्रेंच हस्तलिखित दिलं. म्हातारा हरखला. बायबलच्या आधीचा वेद म्हणून राजाच्या ग्रंथालयात जमा केलं आणि पुढे पुस्तकातून दाखले देत सुटला.

त्यात 'बियाश' म्हणजे व्यास प्रश्न विचारतो आणि 'शुमोंतू' म्हणजे सुमंतु त्याला मूर्तिपूजेवरून फैलावर घेतो. वेदव्यासांना मूर्तिपूजेवरून रागावणारा वेद! इथेच शंका यायला हवी होती. तो पाँडिचेरीकडच्या जेझुइट पाद्र्यांच्या मंडळीतून निघालेला होता, हिंदूंना हळूहळू ख्रिस्ताकडे वळवायला. १७८२ मध्ये सोनेरा या प्रवाशाने हा वेद नव्हे, पाद्र्याचं काम आहे असं छापलं. पुढे एलिस या इंग्रज अधिकाऱ्याला पाँडिचेरीत मिशनऱ्यांच्या कागदांत त्याची मूळ हस्तलिखितं सापडली, ते १८२२ मध्ये प्रसिद्ध झालं.

म्हणजे जेझुइटांनी आपल्याला फसवायला वेद लिहिला आणि त्यांच्याच हाडवैऱ्याने तो खरा मानून त्यांच्याच टाळक्यात घातला.

खवचट

थांबा, थांबा. म्हणजे सगळ्या युरोपाला 'पुरावा बघा' सांगणाऱ्या माणसाने पुढे आलेलं तपासलं नाही, आवडलं म्हणून पुढे ढकललं? पहाटवारा, अभिनंदन. तुम्ही खरे वारस.

पहाटवारा

हे मी कौतुक म्हणून घेतो.

गंगौघ

म्हणजे शेवटी आमचंच खोटं. ठरलेलंच होतं.

तळटीप

अहो, तुमचं नाही, पाद्र्यांचं खोटं! खऱ्या वेदाला कुणी हात लावलाय? वाचता का नुसतं, की 'वेद' आणि 'खोटा' हे दोन शब्द शेजारी दिसले की कीबोर्डवर तुटून पडता?

गंगौघ

भाषा सांभाळा. मी तुमच्या वडिलांच्या वयाचा असेन. पत्र खरं आहे हे मान्य केलंत ना? बस्स. बाकी तुमचं पांडित्य तुम्हाला लखलाभ. ते जेझुइटांचं मला माहीत नव्हतं, पण म्हणून काही बिघडत नाही.

तुलूजकरीण

भांडण संपलं असेल तर मी बोलू का? नवऱ्याच्या विमानांच्या नोकरीमुळे सहा वर्षं फ्रान्समधल्या तुलूजला आहे. भाजीला जाते त्या रस्त्यावर, रू दे फिलातिएवर, कालासचं घर आहे. खाली दुकान, भिंतीवर पाटी. लोक फोनवर बोलत पुढे जातात. मीही.

१७६१ च्या ऑक्टोबरात त्या घरात थोरला मुलगा गळ्याला फास लागून मेलेला सापडला. बाप झ्यां कालास, कापडाचा व्यापारी, प्रोटेस्टंट. दाराशी गर्दी जमली आणि गर्दीतून कुणीतरी ओरडलं, पोरगा कॅथलिक होणार होता म्हणून बापानेच मारलं. कोण ओरडलं ते कधी कळलं नाही. घरच्यांनी आधी खून झाला म्हणून सांगितलं, कारण आत्महत्या केलेल्याचं प्रेत रस्त्यावरून फरफटत नेत. तेच त्यांच्या अंगावर आलं. १० मार्च १७६२ ला साठी ओलांडलेल्या बापाला चाकावर बांधून हाडं मोडून मारलं. शेवटपर्यंत म्हणत होता, मी केलं नाही.

व्हॉल्टेअरची ओळख ना देख. आधी त्यालाही बापच दोषी वाटला होता. मग धाकट्या मुलाला भेटला, कागद मागवले, वकील लावले, दरबारातल्या लोकांना पत्रांवर पत्रं लिहिली, १७६३ मध्ये सहिष्णुतेवर पुस्तक काढलं. शिक्षा सुनावल्यावर बरोबर तीन वर्षांनी, ९ मार्च १७६५ ला, कालास निर्दोष ठरला. मेल्यावर. त्याच वर्षी त्याने लिहिलं, 'तुम्हाला मूर्ख बनवण्याचा ज्याला अधिकार, त्याला तुम्हाला अन्यायी बनवण्याचाही अधिकार.' तुमच्या चित्रातलं तिसरं, 'जे तुम्हाला भाकडकथा पटवू शकतात ते तुमच्याकडून अत्याचार करवू शकतात', ते याचंच इंग्रजीत झणझणीत केलेलं रूप.

म्हणून पहिलं वाक्य हॉलबाईंचं असलं तरी मला त्याचा एवढा राग येत नाही. तो बोलला नसेल, पण वागला तसा.

तळटीप

सगळ्यांशी नाही वागला, ताई. ज्यूंवरच्या १७५६ मधल्या लेखात त्यांच्याबद्दल वाट्टेल ते लिहिलंय, आणि शेवटी उदार होऊन म्हणतो, 'तरीही त्यांना जाळू नये.' केवढी मोठी सहिष्णुता! बाकी कालासचं मान्य. त्यापुढे माझी तक्रार बारीकच आहे. पण आहे.

शेवंती

गर्दीतून कोण ओरडलं ते कळलं नाही, यावर अडकले मी. आमच्या भावकीच्या ग्रुपवर मुलं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ आला होता. तो आपल्याकडचाच नाही, एवढंच मी लिहिलं. मोठ्या काकांनी मला ग्रुपमधून काढलं. गणपतीत आरतीला शेजारी उभे होते, पण प्रसाद माझ्या हातावर न देता ताटलीत ठेवला. अजून घेतलेलं नाही ग्रुपमध्ये. मूळ व्हिडिओ कुणी टाकला ते काकांनाही माहीत नाही.

गल्लापेटी

ताई, काकांचं सोडा, माझी भावजय दोन वर्षं बोलत नाही ते एका मेसेजवरूनच. आणि साठ हजारांचं मी विसरलेलो नाही. तुलूजच्या ताईंनी लिहिलेलं मात्र दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. एक गिऱ्हाईक साबुदाण्याची पिशवी हातात धरून तसंच उभं राहिलं.

पहाटवारा

चौथं आणि पाचवं काढलं. दुसऱ्याची टीप बदलली. तिसऱ्यात मूळ वाक्य घातलं. पहिल्याखाली 'एव्हलिन हॉल, १९०६' लिहिलं, पण त्या बाईंचा फोटो मिळेना म्हणून विगवाला तसाच ठेवलाय. गुलाब राहील. आता एक विचारू? ती ढाल तुम्ही परत केलीत का?

तळटीप

फिरती होती हो. वर्षाने परत द्यावीच लागते.