जिल्हा परिषदेची सहावी ते आठवीची शाळा कशावरून जोखायची?

एक पालक, पुणे जिल्हा (चर्चेचा प्रस्ताव)

माझी मुलगी यंदा पाचवीत आहे. आमच्या गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेला सहावी ते आठवीचे वर्ग जोडलेले आहेत आणि बारा किलोमीटरवर, तालुक्याच्या गावी, इंग्रजी माध्यमाची एक खासगी शाळा आहे, जिची पिवळी गाडी रोज सकाळी आमच्या दारावरून जाते. जूनच्या आत निर्णय घ्यायचा असल्यामुळे मी गावात चौकशी केली, तेव्हा जवळजवळ प्रत्येकाने शाळेच्या दारावरील फलकाकडे बोट दाखवले. आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत गुणवत्ता यादीत आलेल्या दोन मुलांची छायाचित्रे त्यावर आहेत. वर्गाचा पट मात्र सव्वीस आहे, आणि उरलेल्या चोवीस मुलांविषयी तो फलक एक अक्षरही सांगत नाही.

म्हणून मी शेजारच्या घरातील, सातवीत शिकणाऱ्या मुलाच्या वह्या मागून घेतल्या. गणिताची वही अत्यंत नीटनेटकी होती. समास आखलेला, प्रत्येक पानाखाली लाल शाईत तारीख आणि सही. अपूर्णांकांच्या बेरजेच्या पानावर मात्र तीन चतुर्थांश अधिक दोन पंचमांश यांचे उत्तर पाच नवमांश असे लिहिलेले होते, म्हणजे अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलेला होता, आणि त्यावर बरोबरची खूण होती. पाऊण भाकरीत आणखी भाकरी घातल्यावर ती अर्ध्याहून जेमतेम जास्त कशी उरेल, हा प्रश्न त्या मुलालाही पडला नव्हता आणि वही तपासणाऱ्यांनाही. खालच्या चारही उदाहरणांत तीच चूक आणि तीच खूण होती. त्याच मुलाच्या विज्ञानाच्या वहीत, मोड आलेल्या वालाच्या आकृतीखाली शिक्षकांनी लिहिले होते, ‘मूळ आधी बाहेर आले की कोंब? उद्या पुन्हा पाहून लिही.’ त्याखाली दुसऱ्या दिवशीच्या तारखेने, खाडाखोड करून लिहिलेली मुलाची दोन वाक्ये होती.

एकाच छपराखाली शिकवण्याच्या या दोन तऱ्हा आहेत आणि फलकावरून त्यांतील एकही दिसत नाही. शाळा जोखायची असेल तर ती मुलांच्या वह्यांवरून, आणि त्यातही वर्गात मागे पडलेल्या मुलांच्या वह्यांवरून जोखावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

निवृत्त मुख्याध्यापक, सातारा जिल्हा

आपली तळमळ मला पटते, निष्कर्ष मात्र पटत नाही. वही वाचून चूक ओळखणारा पालक प्रत्येक मुलाच्या वाट्याला येत नाही. ज्या माउलीला स्वतःला लिहिता-वाचता येत नाही, तिला शाळेविषयी विश्वासार्ह असे काहीतरी बाहेरून कळायला हवे. शिष्यवृत्तीची प्रश्नपत्रिका महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद काढते. ती दुर्गम वाडीवरच्या मुलाला आणि शहरातल्या मुलाला सारखीच असते, आणि तिचे गुण देणारा हात त्या शाळेतील शिक्षकाचा नसतो. बाकीच्या श्रेणी शाळाच आपल्या मुलांना देते. शाळेचे स्वयंमूल्यमापन करणारा ‘शाळा सिद्धी’ हा उपक्रम 2015 साली आला. मात्र स्वतःविषयी स्वतःच भरलेला तक्ता कितीही प्रामाणिक असला तरी त्याची विश्वासार्हता मर्यादितच राहते.

माझ्या शाळेत सकाळी साडेआठला जादा तास होत असे आणि त्याला गरीब घरची मुले येत असत. पुढे आठवीतून राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती मिळाली, म्हणजे बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळाले, म्हणून ज्यांचे शिक्षण थांबले नाही, अशी मुले मला आजही रस्त्यात भेटतात. त्या फलकाला कमी लेखू नये, अशी माझी मनापासून विनंती आहे.

विषयशिक्षिका, बीड जिल्हा

त्या लाल खुणेचे समर्थन मी करणार नाही. चुकीच्या उत्तरावर बरोबरची खूण करणे म्हणजे मुलाची चूक पक्की करणे होय. परंतु ती वही कोणी तपासली, हे आपण विचारले का? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना निदान प्रत्येकी एक शिक्षक असावा, असे स्पष्ट म्हटले आहे. आमच्या शाळेत तीन पदे मंजूर असून दोन भरलेली आहेत. माझी पदवी मराठी आणि इतिहास या विषयांची आहे, तरीही तीन वर्षांपासून सहावीचे गणित माझ्याकडे आहे, आणि आदल्या रात्री स्वतः उदाहरणे सोडवल्याशिवाय मी वर्गात जात नाही. कोणत्या विषयाला कोणत्या पदवीचा शिक्षक आहे, हे शाळेविषयी विचारण्याचे पहिले प्रश्न असायला हवेत, आणि ते सहसा कोणी विचारत नाही.

सर, आपल्या फलकाविषयीही थोडे बोलते. पाचवीतील हुशार मुले केंद्र सरकारच्या निवासी नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा देतात, काही जण तालुक्याला जातात, आणि सहावीत आमच्याकडे जी राहतात त्यांतील कित्येकांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीला निघतात. जी मुले आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात ती वर्गात दिसतात. जी आईवडिलांबरोबर कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर जातात त्यांची जागा एप्रिलपर्यंत रिकामी असते. गेल्या जूनमध्ये सहावीत आलेल्या एकतीस मुलांपैकी नऊ जणांना पाठ्यपुस्तकातील परिच्छेद न अडखळता वाचता येत नव्हता. मार्चमध्ये अशी तीन मुले उरली, आणि त्या तिघांपैकी दोघे पाच महिने गावात नव्हते. सहा मुले वाचू लागली, हे कोणत्या फलकावर लिहायचे? मूल कोठून निघाले आणि कोठे पोहोचले, हे पाहिल्याखेरीज शाळेला चांगले अथवा वाईट म्हणणे अन्यायाचे आहे.

निवृत्त मुख्याध्यापक, सातारा जिल्हा

ताई, आपल्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. मात्र जूनची चाचणी आपण घेतली आणि मार्चचीही आपणच घेतली. ज्याच्या कामाचे माप काढायचे त्याच्याच हाती मापटे द्यायचे, ही पद्धत सर्व शाळांसाठी कशी चालेल? वर्षाच्या सुरुवातीला शाळेतच घेतल्या जाणाऱ्या पायाभूत चाचणीची उत्तरे फळ्यावर लिहून दिलेली मी माझ्या सेवाकाळात स्वतः पाहिली आहेत, आणि त्या दिवशी त्या मुलांचे जे नुकसान झाले ते मला आजही डाचते. ग्रामीण मुलांना वाचन आणि गणित कितपत येते हे पाहणाऱ्या ‘असर’च्या सर्वेक्षणाचा मोठेपणा मला यातच वाटतो, की 2005 पासून बाहेरचा माणूस मुलाच्या घरी जातो, त्याच्यापुढे दुसरीच्या पातळीचा उतारा आणि एक भागाकार ठेवतो, आणि शाळा काय सांगते याची वाट पाहत नाही.

एक पालक, पुणे जिल्हा

सर, हा मुद्दा मला मान्य आहे. मात्र ‘असर’साठी एका जिल्ह्यातील तीस गावे आणि प्रत्येक गावातील वीस घरे निवडली जातात. त्यातून जिल्ह्याची स्थिती कळते. आमच्या गावची शाळा कळत नाही. तीच रीत गावाने उचलली तर काय हरकत आहे? शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानेच तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पाच-सहा पालकांनी संध्याकाळी घरोघर जाऊन सहावी-सातवीच्या मुलांकडून एक उतारा वाचून घ्यावा, शेकडेवारीचे एक उदाहरण सोडवून घ्यावे आणि त्यांना चार ओळी स्वतःच्या मनाने लिहायला सांगावे. दुसरीचा उतारा वाचता येणे ही सातवीसाठी फारच खालची पातळी झाली.

निवृत्त मुख्याध्यापक, सातारा जिल्हा

गावातील भावकी आणि पक्ष आपण विसरत आहात. अमक्याच्या मुलाला वाचता आले नाही ही गोष्ट दुसऱ्या दिवशी पारावर पोहोचेल, आणि ते मूल शाळेत यायचे थांबेल. मला हे सर्वथा अमान्य आहे.

माध्यमिक शिक्षक, नववीचे वर्गशिक्षक, अहिल्यानगर जिल्हा

आमच्या हायस्कुलात आसपासच्या पाच-सहा गावांतून आठवी झालेली मुले येतात, त्यामुळे एक निराळी बाजू मांडतो. दाखल्यावरील श्रेणी सर्वांची जवळपास सारखीच असते, परंतु जुलै संपेपर्यंत कोणते मूल कोणत्या शाळेतून आले हे मला न विचारता कळू लागते. एका गावची मुले फळ्यावरचे जसेच्या तसे उतरवतात आणि गप्प बसतात. दुसऱ्या गावची मुले, ज्यांचे अक्षर बेताचे आणि इंग्रजी त्याहून बेताचे असते, हात वर करून सांगतात, ‘सर, दुसरी पायरी समजली नाही.’ नेमकी कोणती पायरी समजली नाही हे सांगता येण्यासाठी आधीच्या तीन वर्षांत कोणीतरी त्यांचे ऐकून घेतलेले असते. माझ्या दृष्टीने उच्च प्राथमिक शाळेचे सर्वांत खरे मूल्यमापन नववीच्या वर्गात होते, आणि आजवर एकाही पालकाने अथवा अधिकाऱ्याने आमच्याकडे येऊन याविषयी विचारलेले नाही.

विषयशिक्षिका, बीड जिल्हा

सर, आपण विचारण्याची वाट पाहू नका. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या मुलांविषयी चार ओळी आम्हाला लिहून कळवा. आठवीचा दाखला हातात दिल्यानंतर आमच्या मुलांचे पुढे काय होते हे आम्हाला केवळ बाजाराच्या दिवशी एखाद्याची आई भेटली तरच कळते.

निवृत्त मुख्याध्यापक, सातारा जिल्हा

नववीच्या शिक्षकांचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, आणि ताईंनी मागितलेली ती चार ओळींची माहिती शासनाने सक्तीची करावी असेही मी म्हणेन. फलकाविषयीचे माझे मत मात्र बदललेले नाही. फक्त तो पूर्ण लिहिला जावा: वर्गाचा पट किती, परीक्षेला किती बसले, पात्र किती झाले आणि यादीत किती आले. बसवलेच सहा आणि आले दोन, असे असेल तर गावाला तेही दिसले पाहिजे.

एक पालक, पुणे जिल्हा

असा चार आकड्यांचा फलक लावावा, ही मागणी मी शनिवारी होणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मांडणार आहे. घरोघरच्या चाचणीविषयी सरांचा आक्षेप आहे, आणि मुलाची नावे न लिहिता ती करता येईल का, याचा विचार मी करतो आहे. कल्पना सोडलेली नाही. ताईंच्या सांगण्यावरून चौकशी केली तेव्हा कळले, की आमच्या शाळेतील विज्ञान-गणिताचे पद रिकामे असून विज्ञान मुख्याध्यापक स्वतः शिकवतात आणि गणित भाषेच्या शिक्षकांकडे आहे. अपूर्णांकांचे ते पान मी त्या शिक्षकांना एकांतात दाखवले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि सातवीच्या सगळ्या वह्या परत मागवल्या. रिकामे पद कधी भरणार, याविषयी गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी पत्र द्यायचे आहे. त्याचे उत्तर येईपर्यंत मुलीचा दाखला मी हलवणार नाही.