बार्सिलोना: आधी गौदी की आधी रस्त्याची रुंदी?

काटकोन

वास्तू पाहत शहर फिरायचं म्हटलं की यादी इमारतींच्या नावांनी सुरू होते. बार्सिलोनाच्या बाबतीत तर वास्तुकार अंतोनी गौदीच्या चार इमारती, त्यांची तिकिटं, आणि मधल्या वेळात मेट्रो. माझं मत ठाम आहे: पहिल्या दिवशी एकही तिकीट काढू नका. गौदी तिसऱ्या दिवशी बघा. हे शहर ज्यानं घडवलं त्याचं नाव इल्देफोन्स सेर्दा. तो स्थापत्य अभियंता होता आणि त्याचं काम बघायला पैसे लागत नाहीत.

पार्श्वभूमी थोडक्यात. जुनं बार्सिलोना तटबंदीच्या आत कोंडलेलं होतं. कॉलऱ्याच्या साथी येत होत्या, 1854 मध्ये तट पाडायला सुरुवात झाली. सेर्दानं कामगारांच्या घरांची, मजुरीची, मृत्यूंची आकडेवारी गोळा केली आणि 1859 साली तटाबाहेरच्या मोकळ्या जमिनीसाठी आराखडा मंजूर करून घेतला. या भागाचं नाव एशाम्पला, म्हणजे विस्तार. चार रस्त्यांमधल्या चौकोनी तुकड्याला तिथं 'इल्या' म्हणतात. इल्या म्हणजे बेट, म्हणून इथं बेटच म्हणतो.

मापं पाठ करून जा. बेटाची बाजू 113.3 मीटर, रस्ता 20 मीटर. दोन्ही मिळून 133.3, म्हणजे तीन बेटं ओलांडली की बरोबर 400 मीटर. रस्त्यात 10 मीटर वाहनांना, दोन्हीकडे 5-5 मीटर पदपथ. प्रत्येक बेटाचे चारही कोपरे 45 अंशांत तासलेले आहेत आणि तासलेली बाजू साधारण 20 मीटर आहे. त्यामुळे प्रत्येक चौक अष्टकोनी होतो. वाफेवर चालणारी वाहनं रस्त्यावर येतील आणि त्यांना वळायला जागा लागेल, हे सेर्दानं आधीच धरलं होतं. रस्त्यांची सगळी जाळी उत्तर-दक्षिणेशी तिरकी बसवली आहे, म्हणजे बेटाच्या चारही बाजूंना दिवसात कधी ना कधी ऊन मिळतं. म्हणून तिथले नकाशे उत्तर वर धरून छापलेले नसतात, डोंगर वर आणि समुद्र खाली असतो. पत्ता सांगतानाही लोक 'डोंगराकडची बाजू', 'समुद्राकडची बाजू' असंच म्हणतात. फोनवरचा नकाशा तसाच फिरवून घ्या, नाहीतर पहिले दोन तास दिशा चुकण्यातच जातील.

सुरुवात कोन्सेल दे सेन आणि रोजेर दे ल्यूरिया या रस्त्यांच्या चौकातून करा. एशाम्पलातली पहिली घरं इथं 1860 च्या दशकाच्या सुरुवातीला उभी राहिली. 2023 पासून कोन्सेल दे सेनचा हा भाग पादचाऱ्यांचा झाला आहे, त्यामुळे चौकापाशी निवांत उभं राहून आठही बाजू दिसतात. तिथून रोजेर दे ल्यूरियावरच 56 क्रमांकाच्या दारातून आत शिरा. बेटाच्या पोटातलं अंगण आणि 1870 सालचा पाण्याचा मनोरा दिसेल. अंगण दिवसाच उघडं असतं, संध्याकाळी जाऊ नका. मग जवळच पासाच पेर्मान्येर ही गल्ली बघा: दोन्हीकडे बुटकी घरं, पुढं बागा. सेर्दाला बेटाच्या दोनच बाजूंना इमारती, 16 मीटर उंची आणि मध्ये बाग हवी होती. या गल्लीत त्या मोकळेपणाची थोडी तरी कल्पना येते.

शेवटी समोरच्या पदपथावरून वर बघा. जिथं कठड्याची दगडी पट्टी आहे तिथं मूळ इमारत संपते. त्यावर मागे सरकवून बसवलेले एक-दोन मजले नंतर चढवलेले. कुठल्याही बेटाभोवती फिरून असे मजले मोजा, जमिनीचा भाव कसा चढत गेला ते कळतं.

गिलावा

मापं बरोबर आहेत, निष्कर्ष पटला नाही. रस्त्यावरून तुम्हाला फक्त दर्शनी भाग दिसतो. एशाम्पलाचा खरा प्रश्न आत आहे आणि आत जायचं तर तिकीट काढावंच लागतं.

प्रश्न इमारती किती खोल आहेत याचा आहे. बेटाच्या चारही बाजू भरल्या आणि इमारती रस्त्यापासून आत साधारण 28 मीटर गेल्या. पुढच्या खोल्यांना रस्त्याचा उजेड मिळतो, मागच्यांना अंगणाचा. मधल्या दहा-पंधरा मीटरचं काय? तिथं आपल्याकडच्या डक्टसारखे अरुंद उभे चौक ठेवले. वरच्या मजल्याला झगझगीत ऊन, तळाला अंधार. आता कासा बाल्योमध्ये जा. हे 1877 सालचं साधं घर होतं, गौदीनं 1904 ते 1906 मध्ये ते बदललं. जिन्याभोवतीच्या चौकात त्यानं निळ्या फरश्या लावल्या: वर गडद, खाली येता येता फिकट, तळाशी जवळजवळ पांढऱ्या. वर खिडक्या लहान, खाली मोठ्या. वर उजेड शोषला जातो, खाली परावर्तित होतो. मध्यावर उभं राहून वर-खाली बघितलं तर रंग एकसारखा भासतो. सेर्दाच्या आराखड्यात नफ्यासाठी जी गर्दी झाली, तिच्यावर एका घरापुरता काढलेला हा इलाज आहे. रस्त्यावर पावलं मोजून हे कधीच कळणार नाही.

ला पेद्रेरा, म्हणजे कासा मिला (1906 ते 1912), हेही तसंच. तिथं भार भिंतींवर नाही, खांबांवर आणि लोखंडी तुळयांवर आहे. दर्शनी दगड त्या सांगाड्याला धरून उभा आहे, म्हणून आतल्या भिंती हव्या तशा हलवता येतात. सगळे जण आधी गच्चीवर पळतात. चूक तिथंच होते. आधी गच्चीखालचा माळा बघा. पातळ विटांच्या 270 कमानी आहेत, साखळी दोन टोकांना धरून सोडली की जो झोल पडतो तो उलटा केल्यासारख्या. इमारतीची रुंदी जिथं जास्त तिथं कमान उंच, जिथं कमी तिथं बुटकी. म्हणूनच वरची गच्ची वरखाली जाते आणि तिच्यावर पायऱ्या आहेत. माळा न बघता गच्ची बघितली तर ती नुसती हौस वाटते.

काटकोन

@गिलावा, मग माझाच मुद्दा सिद्ध होतो ना? इमारती 28 मीटर खोल आहेत हे माहीत नसेल तर निळ्या फरशीला लोक 'समुद्राखाली गेल्यासारखं वाटतं' म्हणून पुढं जातात. आधी रस्ता, मग घर. क्रम महत्त्वाचा.

गिलावा

क्रम उलटाही लागू पडतो. घर बघितल्यावर माणूस बाहेर येऊन प्रत्येक इमारतीच्या दारातून डोकावतो आणि 'यांच्या मधल्या खोल्यांना उजेड कुठून येतो' असं स्वतःलाच विचारतो. हा प्रश्न रस्त्यावर उभं राहून सुचत नाही.

आणखी एक. ला पेद्रेरा अशाच तासलेल्या कोपऱ्यावर आहे. बाकीच्या कोपऱ्यांवरच्या इमारतींना तीन सपाट बाजू आणि त्यांच्यामधल्या दोन धारा (कडा) दिसतात. गौदीनं त्या दोन्ही धारा पुसून एकच सलग लाट केली. तो कोपरा तसा नसता तर ही इमारत अशी झाली नसती. तिचा एक खांब पदपथावर आला होता आणि उंचीचे, आकारमानाचे नियमही मोडले होते. 1909 मध्ये इमारतीला स्मारकाचा दर्जा असल्याचं ठरवून नगरपालिकेनं ती तशीच राहू दिली. जाळी आणि इमारत यांचं भांडण बघायचं असेल तर तिथंच जावं लागेल.

पागोळी

तुम्ही दोघंही एशाम्पलाच्या बाहेर पडत नाही आहात. ही जाळी शहरानं निवडलेली नव्हती, हे काटकोन यांनी गाळलं. नगरपालिकेनं 1859 मध्ये स्पर्धा घेतली, ती अंतोनी रोविरा इ त्रियास यांनी जिंकली. त्यांचा आराखडा जुन्या शहराभोवती पंख्यासारखा उलगडणारा होता. माद्रिदच्या सरकारनं तो बाजूला ठेवून सेर्दाचा लादला. हा राग पुढं दोन पिढ्या टिकला. कासा आमाल्येर बांधणारा पुच इ कादाफाल्क हा सेर्दाच्या जाळीचा कडवा टीकाकार होता, आणि त्याचं ते घर त्याच जाळीत, कासा बाल्योला खेटून आहे! ग्रासिया भागात जा. 1897 पर्यंत ते स्वतंत्र गाव होतं. जाळी तिथं अचानक थांबते आणि रस्ते अरुंद, वाकडे होतात. तिथल्या रोविरा चौकात बाकावर बसलेला रोविराचा पुतळा आहे आणि त्याच्या पायाशी जमिनीत त्याचा नाकारला गेलेला आराखडा. या शहराच्या मनात काय आहे ते तिथं दिसतं.

जुन्या शहराबद्दलही सावध राहा. 'गॉथिक', म्हणजे मध्ययुगीन, म्हणून जो भाग दाखवतात त्यातलं बरंच काही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं आणि विसाव्या शतकातलं आहे. बिस्बे गल्लीवरचा तो कोरीव पूल 1928 चा. कॅथेड्रलचा दर्शनी भाग 1887 नंतर बांधला, मधला मनोरा 1913 चा. 1908 पासून दाट वस्तीतून व्हिया लायेताना हा रुंद रस्ता काढला, तेव्हा पाडलेल्या काही इमारतींचे दगड दुसरीकडे नेऊन पुन्हा रचले. कासा पादेल्यास 1931 मध्ये अशीच हलवली, आणि नव्या जागी पाया खणताना खाली रोमन शहर सापडलं. ते आता तळघरात बघता येतं. (मुंबईत 1896 च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं दाट वस्तीतून सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट काढले, तोही याच सुमाराचा. कारणंही तीच: हवा, रोग, वाहतूक.)

अस्सल चौदाव्या शतकातलं बघायचं तर सांता मारिया देल मार हे चर्च. 1329 ते 1383, एकाच दमात बांधलेलं, त्यामुळे शैलींची सरमिसळ नाही. अष्टकोनी खांब एकमेकांपासून तेरा मीटरच्या आसपास लांब आहेत, आत गेल्यावर मंडपापेक्षा मैदानात आल्यासारखं वाटतं. मोंजुइक टेकडीच्या खाणीतला दगड बंदरातल्या हमालांनी पाठीवर वाहून आणला. त्यांची चित्रं मुख्य दारावर आहेत, ती शोधा.

गवंडी

चर्चा चांगली चालू आहे, पण सगळे दर्शनी भागाबद्दल आणि आराखड्याबद्दल बोलताहेत, बांधलं कसं याबद्दल कोणीच नाही. बार्सिलोनाची खरी ओळख पातळ विटेची कमान. कातालान कमान म्हणा. दीड-दोन सेंटिमीटर जाडीच्या चपट्या विटा आडव्या लावायच्या. पहिला थर जिप्समच्या लगद्यात. तो काही क्षणांत धरतो, म्हणून खालून लाकडी आधार जवळजवळ लागतच नाही. त्यावर दुसरा आणि तिसरा थर चुन्याच्या किंवा सिमेंटच्या मसाल्यात, सांधे खालच्या थराच्या सांध्यांवर येणार नाहीत असे. जिप्सम फक्त पहिल्याच थरात का? कारण तो ओल सोसत नाही. वरून पाणी मुरलं तर पहिला थर सुटतो, पण चुन्याचे थर उभे राहतात. जुन्या इमारतींच्या जिन्याखाली मान वर करून बघा, वळणावर तरंगल्यासारखा जिना दिसेल, तो याच पद्धतीचा. राफाएल ग्वास्ताविनो या वास्तुकारानं 1881 मध्ये हे तंत्र अमेरिकेत नेलं.

@गिलावा, गौदीपेक्षा सांत पाव रुग्णालय बघा. वास्तुकार दोमेनेक इ मुंतानेर, 1902 पासून 1930 पर्यंत काम चाललं. नऊ बेटांएवढी जागा, आणि त्यानं सगळी मांडणी जाळीशी 45 अंशांत फिरवली. रुग्णकक्ष सुटे सुटे, मध्ये बागा, जमिनीखालून जोडणारे बोगदे. सेर्दाला बेटाच्या मधोमध जी बाग हवी होती, ती त्याच्याच जाळीला तिरकं उभं राहून या माणसानं रुग्णांना दिली.

आणि एक गोष्ट पर्यटनाच्या यादीत कधीच येत नाही. 1990 मध्ये तुरो दे ला पेइरा या कामगार वस्तीत इमारत कोसळली. 1950 च्या दशकात गावांतून लोंढे आले तेव्हा तुळयांसाठी ॲल्युमिना सिमेंट वापरलं होतं. ते एका दिवसात ताकद धरतं, म्हणून साचा लगेच मोकळा होतो आणि काम भराभर होतं. पण ओल आणि उष्णता मिळाली की काही वर्षांत त्यातले स्फटिक बदलतात, आकसतात, आत सूक्ष्म पोकळ्या होतात आणि ताकद घसरते. बाहेरून बराच काळ काही दिसत नाही. एशाम्पलाची 20 मीटरची रुंदी आणि या वस्तीची घाई, दोन्ही मिळून ते शहर होतं.

पागोळी

@गवंडी, फरशीही सांगा ना. जुन्या घरांतल्या रंगीत सिमेंटच्या फरश्या तिथं 'मोझाइक हिद्राउलिक' म्हणून ओळखल्या जातात. मुंबई-पुण्यातल्या जुन्या घरांत बघितलेल्या फरश्यांशी त्यांचं तंत्र जुळतं.

गवंडी

जुळतं, हो. मुंबईत भारत टाइल्सनं 1922 मध्ये हेच सुरू केलं. भट्टी नाहीच. पितळी साच्यात रंग, सिमेंट आणि संगमरवराची भुकटी ओततात, तो काही मिलिमीटरचा वरचा थर. त्यावर कोरडं सिमेंट आणि बारीक वाळू, ती वरच्या थरातलं जास्तीचं पाणी ओढून घेते. मग जाड मसाला, दाब, आणि पाण्यात मुरवणं. नुकसान बहुतेक वेळा ॲसिडनं होतं. चुना-सिमेंटचा थर आम्लात विरघळतो आणि रंग कायमचा पांढरट पडतो. साबणाचं पाणी पुरे.

काटकोन

रोविराचा पुतळा मी गाळायला नको होता, मान्य. सांत पावही पहिल्याच दिवशी घेतो, कारण आवारातले 45 अंश बाहेरून, आवेनिदा दे गौदीवरून चालत गेलं तरी कळतात. ती वाट गौदीच्या सग्रादा फामिलिया या चर्चपासून जाळीला तिरकी काढलेली आहे.

ला पेद्रेराचं तिकीट मात्र तिसऱ्याच दिवशी. पहिल्या दिवशी फक्त तिच्यासमोर, प्रोव्हेन्सा रस्त्याच्या पलीकडच्या पदपथावर उभं राहून बघा की धारा कुठं असायला हव्या होत्या. आणि पादचाऱ्यांसाठी एक सूचना: तासलेल्या कोपऱ्यांमुळे झेब्रा क्रॉसिंग चौकापासून मागे असतात. प्रत्येक चौकात कोपऱ्याभोवती वळसा पडतो, त्यामुळे नकाशात वीस मिनिटं दिसली तर पंचवीस धरा.

गिलावा

पंचवीस धरतो. पण प्रोव्हेन्साच्या पदपथावर उभं राहून कोपऱ्याची लाट दिसेल, माळ्यावरच्या कमानी दिसणार नाहीत. आणि ती लाट नुसती दगडाची लाट नाही, हे त्या 270 कमानींखालून चालल्याशिवाय कसं कळणार?