विषय: रविवारी मोन्सेराते नको (बुसेता, म्हणजे छोटी बस, ठरली असली तरीही)

प्रेषक: डॉक्टरताई

सर्वांस सप्रेम नमस्कार,

नानांनी काल रात्री धाडलेला, भारतातून येणाऱ्या पाहुण्यांचा कार्यक्रम वाचला आणि पहिल्याच ओळीवर अडले. नऊ ज्येष्ठ पाहुण्यांपैकी दोघे शुक्रवारी मध्यरात्री विमानतळावर उतरणार आहेत, आणि रविवारी सकाळी आठ वाजता आपण त्यांना मोन्सेरातेच्या डोंगरावर नेणार आहोत. कोलंबियाची ही आपली राजधानी बोगोता २६४० मीटरवर आहे आणि मोन्सेराते ३१५२ मीटरवर. इथे राहून आपल्याला हे आकडे पाठ झाले आहेत, पण त्यांचा अर्थ आपण विसरलो आहोत असे मला वाटते. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या दिवाणखान्यातला सोफासुद्धा कळसूबाईपेक्षा जवळजवळ हजार मीटर उंचावर मांडलेला आहे. सांगलीहून किंवा नाशिकहून आलेल्या सत्तरीच्या माणसाला पहिल्या दोन-तीन रात्री झोप न लागणे, डोके जड होणे आणि एक जिना चढल्यावर धाप लागणे हे सगळे सोफ्यावर बसूनच होत असते. त्यात आणखी पाचशे मीटरची भर दुसऱ्याच दिवशी घालण्याचे कारण मला कळले नाही.

मोन्सेराते दाखवूच नये असे माझे म्हणणे नाही. ते शेवटी ठेवावे, एवढेच सुचवायचे आहे. ज्यांना रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी निघण्यापूर्वी तिकडच्या आपापल्या डॉक्टरांना या उंचीविषयी विचारून यावे, हेही कृपया घरोघरी कळवावे.

आपली,
डॉक्टरताई

*

प्रेषक: नाना (सहल समिती)

डॉक्टरताईंस व सर्वांस नमस्कार,

कार्यक्रम समितीने दोन बैठका घेऊन आखला आहे आणि त्यामागे विचार आहे, हे प्रथम नम्रपणे नोंदवतो. बुसेता रविवार आणि सोमवार अशा दोनच दिवसांसाठी मिळाली असून तिची आगाऊ रक्कम भरलेली आहे. त्या सोमवारी कार्ताहेनाच्या स्वातंत्र्यदिनाची सुट्टी असल्यामुळे आपल्यापैकी सर्वांना मोकळे असे तेवढेच दोन दिवस आहेत. रविवारी मोन्सेरातेचे तिकीट इतर दिवसांपेक्षा कमी असते आणि सुवर्णसंग्रहालयाला तर रविवारी प्रवेशमूल्यच नाही. नऊ पाहुणे आणि सोबतचे यजमान धरून वीस-बावीस माणसांचा हिशेब केला तर फरक लहान नाही.

शिवाय वर कोणी चालत जाणार नाही. १९२९ सालापासून फुनिक्युलर (दोराने ओढली जाणारी रेल्वे) आणि १९५५ पासून रोप-वे माणसांना बसल्या जागी वर पोहोचवत आहे. गुआताविते सरोवराच्या सहलीच्या वेळी जे झाले ते पायी चढण्यामुळे झाले होते, आणि तो कार्यक्रम या समितीने आखला नव्हता, हे सर्वांना ठाऊक आहेच.

आपला,
नाना

*

प्रेषक: तात्या

सप्रेम नमस्कार,

गुआतावितेचा कार्यक्रम मी आखला होता, तेव्हा दोन शब्द लिहिणे भाग आहे. तिथे जे झाले ते चढामुळे झाले नाही. भर दुपारी निघण्याचा आग्रह ज्यांनी धरला त्यांच्यामुळे झाले. ते सरोवर तीन हजार मीटरच्या आसपास आहे, आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी सोन्याच्या लोभाने त्याचे पाणी उपसण्यासाठी काठाला पाडलेली खाच पाहून आमचे मेहुणे आजही हळहळतात. म्हणजे सहल अगदीच वाया गेली असे नाही.

आता रविवारविषयी. मोन्सेराते ही आपल्यासाठी देखावा पाहण्याची जागा असली तरी बोगोतेच्या माणसासाठी ते देवस्थान आहे. वरच्या चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेवर कोसळलेल्या येशूची मूर्ती आहे आणि रविवारी तिच्या दर्शनाला लोटणारी गर्दी पाहून मला श्रावणी सोमवारची आठवण येते. नवससायास करणारे लोक चालत चढतात आणि उरलेले सगळे फुनिक्युलरच्या रांगेत उभे असतात. आई आली होती तेव्हा, असाच नोव्हेंबर आणि असाच रविवार होता, आम्ही पायथ्याच्या रांगेत सुमारे दोन तास उभे होतो. वर पोहोचलो तोवर ढग उतरले होते, आणि संपूर्ण शहर पायाखाली दिसते असे ज्या कठड्यावरून म्हणतात तिथून आम्हाला आमची छत्री तेवढी दिसली. आई म्हणाली की हे तर महाबळेश्वरलाही दिसले असते.

तिकिटात वाचलेले पैसे आम्ही खालच्या कॉफीत घालवले.

तात्या

*

प्रेषक: माई

सर्वांना नमस्कार,

तिकिटाचा मुद्दा सोडून वारांचा हिशेब आधी करू, कारण खरी अडचण तिथे आहे. सुवर्णसंग्रहालय सोमवारी बंद असते आणि चित्रकार बोतेरोचे संग्रहालय मंगळवारी. बोतेरोला तर कुठल्याही दिवशी पैसे पडत नाहीत. म्हणजे बुसेतेच्या दोन दिवसांपैकी दोन्ही संग्रहालये उघडी असण्याची खात्री फक्त रविवारची आहे. त्या रविवारची सकाळ रांगेत घालवून, दमलेल्या माणसांना दुपारी तीन वाजता संग्रहालयात ढकलले, तर ती बाकावर बसून डुलक्या घेतील, आणि तो दोष त्यांचा नसेल.

माझे सासरे पुण्याच्या तांबट आळीत वाढलेले. ते इथे आले तेव्हा प्लाझा दे बोलिवार, राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद, सगळे त्यांनी आमच्या समाधानासाठी पाहिले. सुवर्णसंग्रहालयात मात्र म्युइस्कांच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, तराफ्यासमोर ते अर्धा तास उभे राहिले. १९६९ साली पास्का गावाजवळच्या एका गुहेत शेतकऱ्यांना सापडलेला तो तराफा वीतभरसुद्धा नाही, सुमारे साडेएकोणीस सेंटिमीटर लांब आहे. मध्ये मुखिया आणि भोवती त्याचे लहान लहान सोबती, प्रत्येकाच्या अंगावर तारेइतक्या बारीक रेषा. हे ठोक्याचे काम नाही, ओतीव आहे, हे सासऱ्यांनी पाटी वाचण्याआधीच ओळखले. मेणाचा नमुना करायचा, त्यावर माती चढवायची, मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला मधुच्छिष्ट विधान म्हणतात तीच रीत. धातूही निव्वळ सोने नव्हे. तांबे मिसळले की सोने कमी उष्णतेवर वितळते, हे त्या कारागिरांना पक्के माहीत होते. त्यानंतर आठवडाभर आमच्या घरी दुसरा विषय नव्हता.

सांगायचे असे की एल दोरादो हे सोन्याचे शहर आहे असे बहुतेक पाहुणे समजून येतात. त्या शब्दाचा अर्थ सोन्याने मढलेला माणूस असा आहे, आणि अंगाला सोन्याची पूड लावून सरोवरात उतरणाऱ्या मुखियाची ती कथा या तराफ्यात दिसते. एवढे आधी सांगून नेले तर पाहुणे काचेसमोर थांबतात. नाहीतर चौतीस हजारांच्या आसपास सोन्याच्या वस्तू जिथे जमवल्या आहेत तिथे दहा मिनिटांत सगळे पिवळे दिसू लागते. तिसऱ्या मजल्यावरच्या गोल अंधाऱ्या दालनातही त्यांना जरूर बसवावे. दिवे हळूहळू उजळतात आणि भिंतीभर सोने दिसू लागते तेव्हा कोणालाही भाषांतराची गरज पडत नाही.

माई

*

प्रेषक: चिटणीस

सभासदहो,

चर्चा चांगली आहे, परंतु अशा सूचना प्रथम समितीकडे आणि नंतर सर्वांकडे पाठवण्याची आपली पद्धत आहे, तिची आठवण करून देतो.

सोमवारच्या सिपाकिराविषयी, म्हणजे तिथल्या मिठाच्या खाणीतल्या चर्चविषयी, कोणीच काही म्हटलेले नाही म्हणून लिहितो. सुट्ट्या सोमवारवर ढकलण्याचा कायदा १९८३ मध्ये झाला तेव्हापासून असा प्रत्येक सोमवार म्हणजे निम्म्या बोगोतेच्या घरी परतण्याचा दिवस असतो. उत्तरेकडून येणारा महामार्ग दुपारनंतर तुंबतो. सिपाकिरा पन्नास किलोमीटरच्या आसपास असले तरी परतीला किती वेळ लागेल हे त्या दिवशी ड्रायव्हरलाही सांगता येत नाही. जे सभासद आपली गाडी घेऊन बुसेतेच्या मागे येणार आहेत त्यांनी हेही लक्षात ठेवावे की सुट्टीच्या त्या अखेरच्या दिवशी दुपारनंतर खाजगी गाड्यांना नंबरप्लेटच्या सम-विषम अंकानुसार ठरलेल्या वेळीच शहरात येता येते. पांढऱ्या प्लेटच्या बुसेतेला तो नियम नाही. मागे एका सभासदाने रस्त्याकडेच्या धाब्यावर दोन तास थांबून पाच वेळा कॉफी घेतली होती.

चिटणीस

*

प्रेषक: नवे सभासद (शुक्रवारी ज्यांचे आईबाबा येत आहेत ते)

सर्वांना सविनय नमस्कार,

मध्यरात्री उतरणारे ते दोघे माझेच आईबाबा असल्यामुळे थोडे संकोचानेच लिहीत आहे. आमच्यामुळे सर्वांचा कार्यक्रम बदलू नये. बाबा हट्टी आहेत आणि वर जायचेच म्हणतील, पण आईला गुडघ्यांचा त्रास आहे. खाणीतल्या चर्चमध्ये बरेच चालावे लागते असे ऐकले, ते खरे आहे काय? तसेच आई शुद्ध शाकाहारी आहे आणि आहियाको या बटाट्याच्या सुपात कोंबडी असते, तर रविवारी दुपारी तिने काय खावे?

आणि एक गोष्ट. माझ्या सोसायटीतला पहारेकरी म्हणाला की उंचीवर कोकाच्या पानांचा चहा घ्यावा, त्याने सोरोचे, म्हणजे उंचीचा त्रास, होत नाही. त्याची पाकिटे बाबा परत जाताना मित्रांसाठी नेऊ इच्छितात.

आपला नम्र,
नवा सभासद

*

प्रेषक: डॉक्टरताई

पाकिटे नेऊ नयेत. इथल्या बाजारात तो चहा उघडपणे मिळत असला तरी भारतात कोकाचे पान अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, आणि मुंबईच्या विमानतळावर बाबांना ते मित्रप्रेम समजावून सांगावे लागेल. उंचीवर उपाय म्हणजे सावकाश चालणे, पाणी पीत राहणे, पहिले दोन दिवस जेवण हलके ठेवणे आणि मद्य टाळणे. डोकेदुखी वाढतच गेली किंवा बसल्या जागी धाप लागली तर मला रात्री-अपरात्री फोन करावा.

सिपाकिराच्या बाबतीत उंचीची काळजी नाही, कारण गाव बोगोतेइतक्याच उंचीवर आहे आणि चर्च तर जमिनीखाली सुमारे १८० मीटरवर आहे. मात्र चालणे बरेच आहे. क्रुसाच्या वाटेची चौदा स्थानके पार करत बोगद्याने खाली उतरायचे आणि तेवढेच परत यायचे. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी आणि बरोबरच्यांनी घाई करू नये.

डॉक्टरताई

*

प्रेषक: तात्या

जेवणाविषयी: आहियाकोतली कोंबडी वगळून द्या असे सांगून उपयोग नसतो, कारण रस्सा तिचाच असतो. आईंनी चीज घातलेला अरेपा (मक्याची जाड भाकरी) घ्यावा, बटाटे आणि मक्याचे कणीस वेगळे मागावे, आणि शेवटी आग्वापानेला घ्यावे. ते म्हणजे गुळाचे गरम पाणी, दुसरे काही नाही. पानेला हा आपलाच गूळ आहे, आणि गुळाच्या उत्पादनात भारतानंतर कोलंबियाचाच क्रम लागतो, ही माहिती मी प्रत्येक पाहुण्याला देतो. ती घरच्यांना आता पाठ झाली आहे. फक्त इथे लोक त्या गरम पाण्यात चीजचे तुकडे बुडवतात, ते आईंना आधी सांगून ठेवावे.

फळे खायची तर पालोकेमाओच्या मंडईत न्यावे. रसभरी इथे उचुवा नावाने ढिगाने मिळते, आणि मामफळाचा रस माझ्या आईला एवढा आवडला की मोन्सेराते तिने कधीच माफ केले.

तात्या

*

प्रेषक: माई

तात्यांच्या मंडईला माझी हरकत नाही, पण ती रविवारी नको.

नानांना एक विनंती. रविवारी सोने आणि सोमवारी मीठ हाच क्रम ठेवावा, कारण या दोन जागा एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत. म्युइस्कांच्या मुलखात सोने जवळजवळ नव्हतेच. त्यांच्याकडे सिपाकिराचे मीठ होते, पाचू होते, सुती चादरी होत्या, आणि त्या बदल्यात ते खालच्या प्रदेशातून सोने आणत. आदल्या दिवशी तराफा पाहिलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी त्या मिठाच्या भिंतीला हात लावू द्यावा. आजचे चर्च १९९५ सालचे आहे आणि त्यातली निळी-जांभळी रोषणाई मला स्वतःला थोडी लग्नमंडपासारखी वाटते, पण भिंत खरी आहे. (चाखून पाहण्याचा मोह आमच्या सासऱ्यांनाही आवरला नव्हता.)

माई

*

प्रेषक: नाना (सहल समिती)

सर्वांस नमस्कार,

समितीच्या तिघांशी फोनवर बोललो. तिकिटाचा हिशेब माझा होता आणि तो चुकीचा नव्हता, परंतु तात्यांच्या मातोश्रींची छत्री डोळ्यांसमोरून जात नाही.

रविवारी आठऐवजी साडेनऊला निघू आणि दहाला सुवर्णसंग्रहालय उघडताच आत जाऊ. बुसेता दारापर्यंत येणार नाही, कारण शेजारचा सातवा रस्ता त्या भागात पायी चालणाऱ्यांसाठी आहे. तेवढे अंतर सावकाश चालू. वाटेत सिक्लोविआ आपोआप दिसेल. १९७४ पासून दर रविवारी सकाळी सात ते दुपारी दोन शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते सायकलींना मोकळे ठेवणारे शहर पाहणे हेही पाहुण्यांसाठी नवलाचे आहे, आणि त्यालाही तिकीट नाही. मग जेवण, मग बोतेरो. तिथल्या चित्रांतली सगळी माणसे एवढी जाड का, असा प्रश्न दर वेळी येतो, त्याचे उत्तर माईंनी द्यावे. पाऊस आल्यास तिथेच थांबू. सोमवारी सकाळी सातला सिपाकिरा, आणि एक वाजता परतीला निघायचेच. कोणाची खरेदी राहिली तरी बुसेता थांबणार नाही.

मोन्सेराते बुसेतेच्या कार्यक्रमातून काढले आहे. ते ज्याने त्याने आपापले पाहावे.

नाना

*

प्रेषक: डॉक्टरताई

नानांचे मनापासून आभार. मला गुरुवारी सकाळी सुट्टी आहे. ज्यांना वर यायचे असेल त्यांना मी दोन टॅक्सींनी नेईन. ढग येण्याआधी वर पोहोचायचे असल्यामुळे सात वाजता पायथ्याशी असणे आवश्यक आहे. उतरल्यावर जवळच मुक्तिदाता बोलिवारला १८२० मध्ये भेट मिळालेली बागेतली हवेली आहे. ज्यांना वर यायचे नसेल त्यांनी तिथेच भेटावे. टॅक्सीत सात जागा आहेत, त्यांपैकी चार भरल्या.

डॉक्टरताई

*

प्रेषक: नवे सभासद

बाबांची एक जागा कृपया धरावी. आई हवेलीत येईल. तिने एवढेच विचारले आहे की तिथे बसायला बाक आहे ना.

*

प्रेषक: तात्या

बाक आहे. उन्हातला पकडावा, सावलीतला गार असतो. आणि छत्री मी देतो.