जावात आठ वर्षं काढली. आता कोणती फंक्शनल भाषा शिकू?

कोडवाट:
मंडळी, सल्ला हवाय. बॅकएंडचं काम करतो, जावाचे लॅम्डा (बिननावाची छोटी फंक्शनं) आणि स्ट्रीम (यादीवर एकामागून एक क्रिया करायची सोय) रोजचेच आहेत. मागच्या महिन्यात एका बगने तीन दिवस खाल्ले. ऑर्डरची यादी रिपोर्टच्या मेथडला दिली होती. तिने ती रकमेनुसार लावली, आणि लावली ती मूळ यादीच. पुढचा बिलाचा कोड पहिली ऑर्डर सगळ्यात जुनी असं धरून चालला होता. दोन्ही मेथड आपापल्या जागी बरोबर, दोन्हींच्या टेस्ट पास! तेव्हापासून फंक्शनल भाषा, म्हणजे डेटा जागीच न बदलता फंक्शनांनी नवा डेटा बनवायच्या पद्धतीची भाषा, नीट शिकायचं मनात घोळतंय. नोकरी बदलायची नाही, रोज तासभर देता येईल. सुरुवात कुठून करू? रोजच्या कामात खरंच फरक पडतो का?

शुद्धफल:
पडतो, आणि तुमच्याच उदाहरणात दिसतो. या भाषांत यादी सहसा बदलतच नाही. सॉर्ट केलं की नवी यादी हातात येते. कुणाला काय दिलं होतं आणि त्याने त्याचं काय केलं, हे डोक्यात धरून ठेवावं लागत नाही. मला तरी सगळ्यात मोठा दिलासा हाच वाटतो. दर वेळी सगळं कॉपी होतं असंही नाही: यादीच्या पुढे एक घटक जोडला तर मागची अख्खी यादी तशीच सामायिक राहते.

माझं मत एफ शार्प किंवा ओकॅमलला. ऑर्डरचे तीन प्रकार लिहून बघा: पैसे यायचेत; पैसे आले, सोबत पावती क्रमांक; रद्द, सोबत कारण. जावात बहुतेक ठिकाणी याचा एकच क्लास होतो आणि त्यातली निम्मी फील्डं नल, म्हणजे रिकामी, असतात. इथे रद्द ऑर्डरला पावती क्रमांक असूच शकत नाही. सहा महिन्यांनी ‘परतावा’ हा चौथा प्रकार आला, की जिथे जिथे तो हाताळायचा राहिलाय ती प्रत्येक मॅच (प्रकार बघून वाट ठरवणारा कोड) कंपायलर दाखवतो. या दोन भाषांत ती फक्त वॉर्निंग असते, म्हणून पहिल्याच दिवशी तिला एरर करून टाका.

आळशी_मूल्यमापन:
मी थेट हॅस्केल सुचवेन. एफ शार्पमध्ये ‘म्यूटेबल’ (व्हेरिएबल बदलू देणारा शब्द) हाताशी असतं, आणि डेडलाइन आली की जुनी सवय वर येते. हॅस्केलमध्ये फंक्शन बाहेरच्या जगाशी बोलतं की नाही, ते टाइपमध्येच दिसतं. मोनाडच्या (पायऱ्या एकमेकींना जोडायच्या हॅस्केलमधल्या साच्याच्या) व्याख्या मात्र वाचत बसू नका, माझे दोन महिने त्यातच गेले. मेबी (मूल्य असेल किंवा नसेल) आणि आयओ (बाहेरच्या जगाशी बोलणं) हे टाइप वापरत राहा, कळत जातं. लेझी मूल्यमापनामुळे, म्हणजे गरज पडेपर्यंत हिशोब लांबणीवर टाकल्यामुळे, मेमरी कुठे फुगली ते शोधणं अवघड जातं, हेही खरं.

पर्यवेक्षक:
सतत चालू राहायला हवी अशी सेवा असेल तर एलिक्सिर बघा. ते एर्लांगच्या यंत्रणेवर चालतं, आणि एर्लांग 1986 च्या सुमारास एरिक्सनमध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी सुरू झालं. प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी. एक पडली तर सुपरवायझर, म्हणजे तिच्यावर नजर ठेवणारी दुसरी प्रोसेस, ती पुन्हा उभी करतो. पण शुद्धफल म्हणतात तशी कंपायलरची राखण हवी असेल, तर ते बरोबर आहेत. आणि जावा 21 वर असाल तर रेकॉर्ड (न बदलणारा डेटा), सील्ड इंटरफेस (ठरलेलेच प्रकार) आणि स्विचमधलं पॅटर्न मॅचिंग (प्रकारानुसार वाट) उद्यापासून कामावरही वापरता येईल.

कोडवाट:
एफ शार्प घेतो. एकच शंका: आमचा निम्मा कोड डेटाबेसशीच बोलतो. तिथे शुद्ध फंक्शन, म्हणजे फक्त दिलेल्या इनपुटवरून उत्तर देणारं, कुठून आणणार?

शुद्धफल:
कडेला वाचा, मध्ये ठरवा, परत कडेला लिहा. सवलतीचं फंक्शन घ्या. ते स्वतः ग्राहक शोधायला डेटाबेसकडे जातं ना? त्याऐवजी ग्राहक, ऑर्डर आणि आजची तारीख त्याच्या हातात द्या. त्याने फक्त रक्कम सांगायची. मग टेस्टला मॉक (डेटाबेसचं नकली रूप) लागत नाही, नुसती तारीख बदलून बघता येतं. हे जावातच करून बघा, त्याच बिलाच्या कोडवर.